अडकलेली सुई

श्रोतेहो, आमच्या घरांत गेलीं तीन वर्षें तबल्याचा अभ्यास चालू आहे. अभ्यास करणारा माझा पुतण्या, आणि त्याच्यापुढें पेटी घेऊन बसणारा मी. तबल्याच्या स्वतंत्र वादनास लेहऱ्याची जोड लागते, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. त्रितालाच्या सोळा मात्रांत बसेल अशी एक लहानशी सुरावट घ्यावयाची आणि तबलजीचा कायदा, पलटे, रेला संपेपर्यंत तीच फिरवीत राहावयाची, एवढेंच लेहरा धरणाऱ्याचें काम. काम सोपें दिसतें. परंतु पाऊण तास तेंच तें वाजविल्यावर मनगट कुरकुरूं लागतें आणि मन भलतीकडे जातें. अखेर एके दिवशीं मीं पुतण्यास म्हटलें, "बाबा रे, तुझ्या संगणकावर ध्वनिमुद्रणाचें सॉफ्टवेअर आहे ना? माझा लेहरा एकदां त्यांत मुद्रित करून घे, त्याचें एक आवर्तन कापून काढ, आणि तेंच हवें तितका वेळ फिरव. मला मात्र सोड."

त्यानें तसें केलें. दुसऱ्या दिवशीं तो मजकडे येऊन मोठ्या संकोचानें म्हणाला, "काका, रागावूं नका, पण चौदाव्या मात्रेपासून तुम्ही घाई करतां. सम लौकर येते." मीं अर्थातच तें नाकबूल केलें. तीस वर्षें पेटी वाजविणाऱ्या माणसानें दुसरें काय करावें! पण त्यानें यंत्र चालू केलें, आणि माझीच घाई, माझ्याच पेटीच्या आवाजांत, दर सोळा मात्रांनीं न चुकतां माझ्या कानांवर येऊं लागली. पांचव्या आवर्तनास मी शरमलों. दहाव्यास मला हसूं आलें. आणि त्यानंतर मात्र मनांत कुतूहल उत्पन्न झालें. आपल्या वादनाचा तुकडा असा कापून, त्याचीं टोकें जुळवून, तो अखंड फिरवीत ठेवण्याची ही युक्ति आली कोठून? त्या कुतूहलापायीं जें वाचलें व ऐकलें, तें आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

आजच्या संगीत-व्यवहारांत अशा तुकड्यास 'लूप' म्हणतात. पुनरावृत्ति ही संगीतांत कांहीं नवी नाहीं. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी फिरे. टाळकऱ्यांचा ठेका अभंगभर फिरतो. लेहरा तर फिरण्यासाठींच जन्मला आहे. परंतु या सर्व ठिकाणीं फिरतो तो माणसाचा हात किंवा गळा. प्रत्येक फेरा तो नव्यानें घेतो, म्हणून कोणतेहि दोन फेरे तंतोतंत सारखे नसतात. लूपमध्यें हात एकदांच फिरतो आणि पुढें त्याचा ध्वनि तेवढा फिरत राहतो. म्हणजे लूप तयार होण्यापूर्वीं ध्वनि हा धरतां येण्याजोगा, मोजतां येण्याजोगा आणि कापतां येण्याजोगा पदार्थ व्हावा लागतो. लूपचा इतिहास म्हणजे एका परीनें ध्वनीला टोकें कशीं फुटलीं आणि तीं कोणीं कशीं सांधलीं, याचाच इतिहास होय.

ध्वनि साठविण्याचें यंत्र एडिसननें १८७७ सालीं सिद्ध केलें, आणि पुढें दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. तबकडीवर अनेक वर्तुळें दिसतात, पण तो डोळ्यांचा भ्रम आहे. वस्तुतः बाहेरच्या कडेपासून आंतपर्यंत वळत जाणारा तो एकच एक लांबलचक चर असतो. ज्यांच्या घरीं ग्रामोफोन होता त्यांस आठवत असेल कीं, तबकडीवर ओरखडा पडला म्हणजे सुई पुढें न जातां मागच्याच वळणांत घसरे आणि गाणाऱ्याच्या तोंडचें एखादें अर्धें अक्षर पुनःपुन्हां उमटत राही. मग घरांतील कोणी तरी धांवत जाऊन सुईस हलकेंच बोट लावी आणि गाणें मार्गावर आणी. एकच गोष्ट घोकीत बसणाऱ्या माणसास 'याची सुई अडकली' असें आपण म्हणतों, तें त्यावरूनच. तबकडीच्या आयुष्यांत हा अपघात लक्षावधि वेळां घडला असेल; पण त्याकडे अपघात म्हणूनच पाहिलें गेलें.

त्या अपघाताचें साधन करणारा मनुष्य एका नभोवाणी केंद्रांत भेटतो, ही गोष्ट आपणां श्रोत्यांस विशेष वाटेल. पिएर शेफर हा फ्रेंच नभोवाणीच्या नोकरींतील एक अभियंता. १९४८ सालीं त्यानें पॅरिसमधील बातिन्योल या रेल्वेच्या आवारांत जाऊन इंजिनांचे आवाज मुद्रित केले: वाफेचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांवरील चाकांचा खडखडाट. त्या काळीं नभोवाणीचें मुद्रणहि तबकड्यांवरच होत असे. चर कोरीत असतां त्याचें शेवटचें टोक आरंभास नेऊन मिळविलें, तर सुई त्या बंद वर्तुळांतून बाहेर पडूंच शकणार नाहीं, ही गोष्ट शेफरनें हेरली. जें ओरखड्यानें नकळत होई तें त्यानें जाणूनबुजून केलें, आणि त्यास 'बंद चर' असें सार्थ नांव दिलें. अशा आवाजांतून रचलेल्या त्याच्या पांच लहान कृति ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं पॅरिसहून प्रक्षेपित झाल्या. त्यांतील एक सर्वस्वीं आगगाडीच्या आवाजांची आहे.

या प्रयोगांत शेफरला जें उमगलें तें मला फार महत्त्वाचें वाटतें. एखादा आवाज एकदां ऐकला तर मन विचारतें, हा कशाचा? इंजिनाचा कीं भात्याचा? तोच आवाज वीस वेळां लागोपाठ ऐकला म्हणजे हा प्रश्न मागें पडतो, आणि कान त्या आवाजाची घडण ऐकूं लागतो. तो कसा उठतो, कोठें जाड होतो, कोठें विरतो, त्याच्या पोटांत कोणती लय दडली आहे, हें सारें मग उघडें पडतें. माझ्या पेटींतील घाई तीस वर्षें मला ऐकूं आली नव्हती आणि एका रात्रींत ऐकूं आली, तिचें कारण हेंच. पुनरावृत्ति हें भिंग आहे.

तथापि बंद चरास एक मोठी मर्यादा होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा पाऊण सेकंदाहून किंचित् अधिक, एवढाच असतो. फेऱ्याची लांबी यंत्र ठरवी, वाजविणारा नव्हे. सोळा मात्रांचें आवर्तन त्यांत कसें मावणार? ही बेडी तोडली ती चुंबकीय फितीनें. फितीवर ध्वनि साठविण्याची कल्पना जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यानें १९२८ सालीं पुढें आणली, आणि १९३५ सालीं बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनांत मॅग्नेटोफोन हें यंत्र लोकांसमोर आलें. महायुद्ध संपल्यावर तें तंत्र युरोप-अमेरिकेंत सर्वत्र पसरलें, आणि १९५० नंतरच्या एकदोन वर्षांतच शेफरच्या कार्यशाळेंतहि फितीचीं यंत्रें आलीं.

फीत म्हणजे ध्वनीला लाभलेली मोजपट्टीच होय. ती सेकंदाला १५ इंच या वेगानें धांवत असेल, तर एक सेकंद म्हणजे १५ इंच. त्यांत वादविवादास जागा नाहीं. मिनिटास साठ मात्रा या लयींत त्रितालाचें एक आवर्तन १६ सेकंदांचें होईल, म्हणजे २४० इंच, म्हणजे वीस फूट. एवढी फीत कापावयाची, तिचीं दोन टोकें चिकटपट्टीनें जोडावयाचीं, आणि हें वीस फुटांचें वेटोळें यंत्राच्या मुखांतून काढून खोलीभर फिरवून परत यंत्रांत आणावयाचें! ज्यांनीं विहिरीवरील रहाटगाडगें पाहिलें आहे त्यांस हें दृश्य परकें वाटणार नाहीं. माळ तीच, गाडगीं तींच. तीं रिकामीं खालीं जातात आणि भरून वर येतात. फरक एवढाच, कीं येथें प्रत्येक खेपेस तेंच पाणी वर येतें.

या वेटोळ्याचा प्राण असतो तो सांध्यांत. फीत सरळ आडवी कापून जोडली, तर सांध्यावरून जातांना आवाज एकदम तुटून दुसरा लागतो आणि 'टक्' असा ठोका ऐकूं येतो. म्हणून कसबी लोक ती वस्तऱ्याच्या पात्यानें तिरपी कापीत. तिरप्या कापामुळें एका टोकाचा ध्वनि हळूच उतरतो आणि त्याच वेळीं दुसऱ्याचा चढतो. कापणाऱ्याचा कान जितका तयार, तितका सांधा बेमालूम. त्यांतहि सांधा कोठें द्यावा हा प्रश्न उरतोच. लांबत जाणाऱ्या स्वराच्या मध्यावर दिलेला सांधा झांकत नाहीं. जोरदार आघाताच्या अगदीं अलीकडे दिलेला सांधा त्या आघाताखालीं लपतो. त्रितालांत समेच्या तोंडाशीं कापावें, असें जें आपणांस सहजच वाटतें, त्यास हा आधार आहे.

फितीचें तंत्र हातीं येतांच वादकांनीं तें स्वतःच्या वादनावर वापरून पाहिलें. १९६३ सालीं टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार पॅरिसमध्यें होता. तेथील नभोवाणीच्याच कार्यशाळेंत चेट बेकर या तुतारीवादकाच्या ताफ्याबरोबर काम करतांना दोन मुद्रणयंत्रें शेजारीं ठेवून एकच फीत दोहोंमधून नेण्याची योजना झाली. पहिलें यंत्र मुद्रण करी. तेंच कांहीं क्षणांनीं दुसऱ्यांतून ऐकूं येई आणि पुन्हा पहिल्यांत जाई. पुढें रायली स्वतः सॅक्सोफोन घेऊन अशा यंत्रांपुढें बसूं लागला. तो एक पद वाजवी. तें परत येई. त्यावर तो दुसरें वाजवी. मग दोन्ही मिळून परत येत. एकटा मनुष्य स्वतःच्याच मागें उभा राहून स्वतःची साथ करूं लागला. हाच रायली १९७० सालीं किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. यंत्रांतून फिरणाऱ्या स्वरांचा नाद लागलेल्या माणसास तंबोऱ्यापुढें बसावेंसें वाटलें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

१९६६ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या एका ध्वनिमुद्रण-गृहांत याहून अधिक गमतीचा प्रकार घडला. बीटल्स मंडळी 'टुमॉरो नेव्हर नोज' हें गीत मुद्रित करीत होती, आणि तींत आपल्याकडील तंबोऱ्याचा नादहि घेतलेला होता. पॉल मॅकार्टनी यास घरच्या यंत्रावर फितींचीं वेटोळीं करण्याचा छंद जडला होता. तशीं वेटोळीं मंडळींनीं बरोबर आणलीं. पण तीं एकाच वेळीं फिरविण्यास एका दालनांतील यंत्रें पुरेनात. तेव्हां इमारतींतील निरनिराळ्या खोल्यांमधील यंत्रांवर तीं चढविण्यांत आलीं, आणि फीत ताणलेली राहावी म्हणून तंत्रज्ञ मंडळी हातांत पेन्सिली धरून त्यांवरून वेटोळीं फिरवीत उभी राहिली. गीतांत उपयोगांत आलीं तीं त्यांपैकीं पांच.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद हकीकत स्टीव्ह राइश याची आहे. १९६५ सालीं त्यानें एका रस्त्यावरील प्रवचनकाराच्या आवाजाचीं दोन सारखीं वेटोळीं दोन यंत्रांवर लावलीं. दोन यंत्रांचा वेग कधींच अगदीं सारखा नसतो. त्यामुळें एक आवाज केसभर पुढें सरकूं लागला आणि त्या सरकण्यांतून अनपेक्षित आकृति उमटूं लागल्या. 'इट्स गॉना रेन' ही त्याची कृति त्यांतून निघाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यानें मनांत म्हटलें, यंत्र जें करतें तें माणसास कां करतां येऊं नये? त्यानें स्वतःच पियानोवर एक लहानशी सुरावट वाजवून मुद्रित केली, तिचें वेटोळें केलें, तें फिरत ठेवलें, आणि स्वतः पियानोपुढें बसून आपल्याच मुद्रित हाताबरोबर तीच सुरावट वाजवूं लागला. वेटोळ्याची लय ढळत नव्हती. त्याला मात्र हळूहळू पुढें सरकावयाचें होतें. सरावानें तें साधलें. तें साधल्यावर त्यानें वेटोळें दूर केलें, आणि दोन पियानोंवर दोन माणसांनीं वाजवावयाची 'पियानो फेज' ही कृति १९६७ सालीं पुरी केली. यंत्रांत अडकलेल्या स्वतःच्या हातापासून तो शिकला, आणि शिकून झाल्यावर पुन्हां माणसाकडे परतला.

येथपर्यंतच्या इतिहासांत पुष्कळ ठिकाणीं वेटोळें ज्याचें, हातहि त्याचाच होता. यापुढें मात्र हात आणि हाताचा धनी यांची फारकत होऊं लागते. १९७७ सालीं बी जीज या मंडळीचें मुद्रण फ्रान्समधील एका जुन्या वाड्यांत चालू असतां त्यांचा ढोलवादक डेनिस ब्रायन यास घरच्या अडचणीमुळें जावें लागलें. तंत्रज्ञांनीं त्यानें आधीं एका गीतासाठीं वाजविलेल्या ठेक्यांतील दोनच आवर्तनें निवडलीं, त्यांचें लांबच लांब वेटोळें केलें, आणि 'स्टेइंग अलाइव्ह' हें गीत त्यावर उभारलें. ढोलवादकाच्या नांवाच्या जागीं त्यांनीं विनोदानें 'बर्नार्ड लूप' असें एक काल्पनिक नांव दिलें. विनोद निरुपद्रवी होता. पण वाजविणारा गैरहजर आणि त्याचा हात हजर, ही स्थिति त्यांत प्रथमच इतकी ठळकपणें लोकांसमोर आली.

त्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क या नांवानें प्रसिद्ध असलेला एक तरुण एकाच गीताच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून त्यांतील ढोलाचा तेवढा भाग आळीपाळीनें वाजवी, आणि नाचणाऱ्यांसाठीं तो लांबवीत नेई. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट हें संगणकीय वाद्य निघालें. त्यांत कोणताहि ध्वनि आंकड्यांच्या रूपानें साठवून पट्ट्यांवर वाजवितां येई. १९८७-८८ पर्यंत तशींच, पण अधिक सुटसुटीत यंत्रें बाजारांत आलीं. आतां दुसऱ्याच्या तबकडींतील चार मात्रा उचलणें हें क्षणाचें काम झालें.

याची किंमत कोणी मोजली, तें एका उदाहरणावरून सांगतों. १९६९ सालीं 'द विन्स्टन्स' या अमेरिकन मंडळीनें 'आमेन, ब्रदर' नांवाची एक रचना मुद्रित केली. तींत एके ठिकाणीं इतर सारीं वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक एकटाच चार आवर्तनें ढोल वाजवितो. सारा मामला सात सेकंदांच्या आंतला. १९८० नंतर हा तुकडा लोकांनीं उचलला, कापला, उलटासुलटा जोडला, आणि हजारों गीतांत तो वाजला. इंग्लंडमधील नृत्यसंगीताची एक शाखाच्या शाखा त्यावर पोसली. कोलमनला त्यापासून एक दमडीहि मिळाली नाहीं. २००६ सालीं तो हलाखींत वारला. मंडळीचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास चाहत्यांनीं वर्गणी काढून सुमारें २४,००० पौंड दिले, ते २०१५ सालीं. तोंवर ज्याच्या हातानें जग नाचलें, तो हात मातींत मिळून नऊ वर्षें झालीं होतीं.

श्रोतेहो, लूप हा दोष आहे असें मी म्हणत नाहीं. पण ध्वनीचा तुकडा कापला जातो तेव्हां त्याबरोबर त्याच्या धन्याचें नांवहि कापलें जाण्याचा धोका असतो, हें यावरून ध्यानांत यावें. म्हणूनच या इतिहासाचा पुढचा भाग मला आशादायक वाटतो. १९९४ सालीं स्वीडनमध्यें 'रीसायकल' नांवाचें सॉफ्टवेअर निघालें. तें ठेक्यांतील प्रत्येक आघात ओळखून तेथें तेथें तुकडे पाडी. १९९८ सालीं अमेरिकेंत 'ॲसिड' आलें. फितीचा वेग निम्मा केला तर लय निम्मी होते, पण स्वरहि एक सप्तक खालीं घसरतो. काळी एकमध्यें वाजविलेला लेहरा थोडा धीमा करावा म्हटलें तर पट्टी उतरणारच. 'ॲसिड'नें वेगळ्या वेगळ्या लयींतील लूप, पट्टी न बदलतां, एका लयींत आणून बसविण्याचें काम अगदीं सोपें करून टाकलें. २००१ सालीं बर्लिनहून 'ॲबलटन लाइव्ह' आणि २००४ सालीं अॅपलचें 'गॅरेजबँड' निघालें. यांबरोबर तयार लूपचे मोठे संग्रह मिळतात, आणि पुष्कळ लोक त्यांवरच भागवितात. पण त्याच पडद्यावर स्वतःचें वादन मुद्रित करून, कापून, लूप म्हणून आपल्या संग्रहांत ठेवण्याची सोयहि असते. जें करण्यास एके काळीं नभोवाणीची कार्यशाळा लागे, तें आतां माजघरांत होतें.

तें कसें होतें, हें माझ्या लेहऱ्यावरूनच सांगतों. फजितीनंतर पुतण्यानें मला पुन्हां बसविलें. प्रथम त्यानें सॉफ्टवेअरमध्यें मिनिटास साठ मात्रा ही लय ठरविली आणि तिचा ठोका कर्णयंत्रांतून फक्त माझ्या कानांत सोडला. मग मला एक नव्हे, चार आवर्तनें वाजविण्यास सांगितलें. पहिल्या आवर्तनांत हात बसलेला नसतो. शेवटच्यांत संपविण्याची ओढ असते. म्हणून मधलें घ्यावयाचें. त्यास आणखी एक कारण आहे. मधल्या आवर्तनाच्या आरंभीं मागच्या आवर्तनाच्या शेवटच्या स्वराची आंस रेंगाळत असते. तेवढें आवर्तन कापून फिरविलें म्हणजे शेवट आणि आरंभ एकमेकांस ओळखतात. पहिलेंच आवर्तन कापलें तर दर समेला खोली एकदम निःशब्द झाल्यासारखी वाटते. तंबोरा, सतार, सारंगी अशा गुंजणाऱ्या वाद्यांत तर ही काळजी अवश्य घ्यावी.

नंतर कापण्याचें काम. पडद्यावर ध्वनि लाटेच्या रूपानें दिसतो. संगणक एका सेकंदाचे ४४,१०० भाग पाडतो असें धरलें, तर सोळा सेकंदांचें माझें आवर्तन ७,०५,६०० भागांचें झालें. म्हणजे पूर्वींची वीस फुटांची फीत! लाट मधल्या रेषेस जेथें छेदते, नेमकें तेथें कापावें. लाट उंचावर असतांना कापल्यास तोच जुना 'टक्' ऐकूं येतो. मग दोन्ही टोकांस सेकंदाच्या कांहीं हजारांश भागाएवढा उतार व चढ द्यावा. पूर्वींच्या वस्तऱ्याचा तिरपा काप तो हाच. शेवटीं त्या लूपला नांव, लय आणि पट्टी लिहून ठेवावी, म्हणजे पुढें सांपडतो.

पहिल्या लूपमध्यें माझी घाई किती होती, तेंहि पुतण्यानें मोजून दाखविलें. समेपाशीं मी सेकंदाच्या दहाव्या भागानें आधीं पोंचत होतों. ऐकतांना हें क्षुल्लक वाटतें. पण त्याच लूपबरोबर संगणकाचा ठोका चालू ठेवला, तर दहा आवर्तनांत बरोबर एका मात्रेचें अंतर पडे. राइशच्या दोन यंत्रांची गोष्ट माझ्या घरींच घडली म्हणा ना!

"मग काका, घाई यंत्रानेंच सरळ करूं," असें म्हणून पुतण्यानें एक कळ दाबली. सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक स्वर ओढून नेमका मात्रेवर बसविण्याची सोय असते. आम्हीं ऐकलें. घाई खरोखरच गेली होती. परंतु नवव्या मात्रेवर, खालीच्या जागीं, मी एक कणस्वर घेतों. तो मात्रेच्या किंचित् अलीकडे पडतो, आणि तो मीं माझ्या गुरुजींच्या पेटीवरून उचललेला आहे. यंत्रानें त्यासहि चूक समजून मात्रेवर आणून बसविलें होतें. चौदाव्या मात्रेवरील घाई हा माझा दोष. नवव्या मात्रेवरील अलीकडेपणा ही माझ्या गुरुजींची देणगी. यंत्राच्या मापांत दोन्ही सारखींच. त्यांतील भेद ओळखतो तो ज्यानें वाजविलें त्याचा कान, किंवा ज्यानें शिकविलें त्याचा. आम्हीं ती सुधारणा रद्द केली, आणि घाई घालविण्याचा जुनाच मार्ग धरला. मी आठ दिवस ठोक्याबरोबर लेहरा घोटला आणि नवव्या दिवशीं नवें मुद्रण केलें.

स्वतःच्या वादनाचा लूप करावा तो यासाठीं, असें माझें मत आहे. तयार लूप निर्दोष असतील. पण त्यांतील दोष कोणता आणि देणगी कोणती, हें आपणांस कधींच कळणार नाहीं, कारण तो हात आपल्या ओळखीचा नाहीं. शिवाय दुसऱ्याचा हात घेतलाच, तर त्याचें नांव आणि त्याचा वांटा त्यास पोंचतो कीं नाहीं, याची चौकशी करणें हें आपलें काम आहे. कोलमनची हकीकत त्यासाठींच सांगितली.

आतां आठवड्यांतील सहा दिवस पुतण्या त्या लूपबरोबर अभ्यास करतो. मला विश्रांति मिळते, आणि त्याची लय पूर्वींपेक्षां पुष्कळ स्थिर झाली आहे. रविवारीं मात्र तो मला पेटीपुढें बसवितो. याचें कारण विचारतां तो म्हणाला, "काका, तिहाई बरोबर समेवर आली म्हणजे तुम्ही मान हलवितां. लूपला तें कळत नाहीं. चुकली तरी तो तसाच पुढें जातो." यावर मला कांहीं भर घालावयाची नाहीं.

पहिला, घाईचा लूप त्यानें पुसलेला नाहीं. संगणकांत तो 'काकांची घाई' या नांवानें अजून ठेवलेला आहे. पाहुणे आले म्हणजे केव्हां केव्हां तो वाजवूनहि दाखवितो. मींहि तो पुसण्याचा आग्रह धरलेला नाहीं.